पास, पास्ट आणि फेल

जून महिन्यात जव्हारच्या बाजारपेठेत वह्या, कंपासपेट्या आणि प्लास्टिकच्या डब्यांबरोबर एक तक्ताही टांगलेला दिसतो. गुळगुळीत कागद, वर ठळक अक्षरांत ‘इंग्रजी क्रियापदांची तीन रूपे’ आणि खाली रकाने. पहिल्यात मूळ क्रियापद, दुसऱ्यात भूतकाळ, तिसऱ्यात ‘हॅव’ किंवा ‘हॅड’नंतर येणारं रूप. प्रत्येक शब्दाखाली देवनागरीत उच्चार, शेवटी मराठी अर्थ. हाच मजकूर गाइडच्या मागच्या पानांवर असतो, शाळांच्या भिंतींवर रंगवलेला असतो आणि आता पीडीएफ होऊन मोखाडा-खोडाळ्याच्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतो. त्यावर लेखकाचं नाव नसतं.

जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांत सगळ्यात जास्त वाचला जाणारा इंग्रजी मजकूर कुठला, असं कुणी विचारलं तर मी या तक्त्याकडे बोट दाखवीन. कादंबरीचं परीक्षण होतं, कवितासंग्रहाचं होतं, हल्ली वेबसिरीजचंही होतं. पण ज्या कागदावर पोरं पाच-पाच वर्षं डोळे लावून बसतात, त्याचं परीक्षण कुणी करत नाही. ते इथे करतो आहे. तक्ता काय सांगतो, काय लपवतो आणि कुणाला अडकवतो, एवढंच बघायचं आहे.

एकच लेड, तीन माणसं

तक्ता मोठ्यानं वाचून बघा. ‘लीड – लेड – लेड’, म्हणजे नेतृत्व करणे, पुढे नेणे. थोडं खाली ‘ले – लेड – लेड’, म्हणजे ठेवणे, अंथरणे, कोंबडीनं अंडं घालणे. विज्ञानाच्या पुस्तकात शिसं हा धातू आहे, तोही ‘लेड’. देवनागरीत तिघे जुळे भाऊ. इंग्रजीत त्यांची स्पेलिंगं तीन तऱ्हांची: पहिला एल-ई-डी, दुसरा एल-ए-आय-डी, तिसरा एल-ई-ए-डी. आता ज्या मुलानं हे तीनही शब्द देवनागरीतून पाठ केले आहेत, त्यानं पेपरात कुठला लिहायचा?

पुढे जाऊ. ‘लेट – लेट – लेट’ म्हणजे होऊ देणे; पण शाळेत ‘लेट’ आला तोही लेटच. ‘मीट’चा भूतकाळ ‘मेट’ आणि सवंगडी तोही ‘मेट’. ‘सेंड’चं ‘सेंट’ झालं की तो पाठवलेलाही असतो, संतही असतो आणि लग्नात अंगावर मारायचं सेंटही असतो. ‘राइड’चा भूतकाळ ‘रोड’. ‘थ्रो’चा ‘थ्रू’. ‘नो’चा ‘न्यू’. ‘ब्लो’चा ‘ब्लू’. ‘फ्लाय’चा ‘फ्लू’. ‘ईट’चा ‘एट’, म्हणजे खाल्लंही आणि आठही. ‘विन’चा ‘वन’: जिंकला, एक आणि आमच्याकडे पाटीवर लिहिलेलं ‘वन विभाग’मधलं वन. ‘कॅच’चा ‘कॉट’, ज्यावर आजारी माणूस झोपतो. ‘बेअर’चा ‘बोअर’, ज्यातून एप्रिल-मेमध्ये नुसती धूळ निघते. मोखाड्यातल्या पोराला ‘बोअर’चा अर्थ ‘सोसलं’ असा सांगितला तर त्याला तो पटेलही, पण तो शब्द त्यानं आधी दुसऱ्याच कामासाठी ऐकलेला असतो.

आणि सगळ्यात टोचणारा शब्द ‘फेल’. ‘फॉल’चा भूतकाळ तक्त्यात ‘फेल’ असा छापतात. पडला. आणि परीक्षेत पडला तोही ‘फेल’. मराठीत दोन्हीकडे ‘पडला’ म्हणता येत असल्यामुळे मुलाला यात काही विचित्र वाटतच नाही. झाडावरून पडला फेल, पेपरात पडला फेल. त्याचं डोकं बरोबर चाललेलं असतं. दोन शब्द वेगळे आहेत हे त्याला दाखवायची जबाबदारी तक्त्याची होती.

यात दोन वेगळ्या भानगडी आहेत आणि तक्ता त्या एकत्र कालवतो. ‘थ्रू’, ‘ब्लू’, ‘वन’ हे शब्द इंग्रजी माणसाच्या तोंडीही खरोखरच सारखे वाजतात. तिथे फरक फक्त स्पेलिंगचा. ‘लेड’च्या तिघांपैकी नेतृत्ववाला आणि शिसंवाला हे दोघेही तसेच. पण अंडं घालणारा ‘लेड’ वेगळा आहे. त्यातला ‘ए’ लांब आहे, शेवटी ‘इ’कडे झुकणारा. ‘फेल’ आणि ‘फेल’, ‘लेट’ आणि ‘लेट’, ‘मेट’ आणि ‘मेट’ या जोड्यांत हाच आखूड आणि लांब ‘ए’चा फरक आहे. मराठीला तो लागत नाही. आपण ‘केर’ म्हणताना ‘ए’ ओढला काय किंवा तोडला काय, अर्थ तोच राहतो. म्हणून आपल्या वर्णमालेत ‘ए’ एकच. कन्नड आणि तेलुगू लिपीत ऱ्हस्व ‘ए’ आणि दीर्घ ‘ए’ अशी दोन अक्षरं आहेत, कारण त्या भाषांत त्यानं अर्थ बदलतो.

म्हणजे देवनागरी ‘जसं बोलतो तसं लिहितो’ असं आपण अभिमानानं सांगतो, ते मराठीपुरतं बऱ्याच अंशी खरं आहे. इंग्रजीसाठी तीच लिपी थोडी ताणावी लागते. ‘बॅट’ आणि ‘बॉल’ लिहायला आपण अर्धचंद्र घेतला. २००९च्या शासन निर्णयानं ‘ॲ’ आणि ‘ऑ’ मराठी वर्णमालेत रीतसर घेतलेही. मग ‘फेल’ आणि ‘फेइल’, ‘लेट’ आणि ‘लेइट’, ‘लेड’ आणि ‘लेइड’ असं लिहायला कोण अडवतं? एक ‘इ’ जास्त छापायला शाई लागते ती किती! तक्ता छापणाऱ्यानं शब्द एकदा स्वतःच्या तोंडानं म्हणून बघितले असते, तर ही अर्धी गल्लत तिथेच मिटली असती.

‘पास्ड’ कुणी म्हणतं का?

आता उलटी गंमत. जिथे उच्चार सारखा आहे तिथे तक्ता तो वेगळा दाखवतो. ‘पास’चा भूतकाळ बहुतेक तक्त्यांत ‘पास्ड’ असतो, ‘मिस’चा ‘मिस्ड’, ‘गेस’चा ‘गेस्ड’. स्पेलिंगच्या शेवटी डी दिसला की छापणारा ‘ड’ लिहून मोकळा. पण कुणी इंग्रजी बोलणारा ‘पास्ड’ म्हणत नाही. तो ‘पास्ट’ म्हणतो, आणि म्हणूनच उत्तीर्ण झालेला ‘पास्ट’ आणि भूतकाळ या अर्थाचा ‘पास्ट’ यांची गाठ पडते. ‘मिस्ट’ म्हणजे चुकलंही आणि धुकंही. सूर्यमाळच्या पावसाळ्यात दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. ‘गेस्ट’ म्हणजे अंदाज केला आणि पाहुणाही.

यामागचा नियम साधा आहे आणि आपल्या मुलांना तो मराठीच्या तासाला शिकवलेलाही असतो. व्यंजनसंधी. ‘विपद्’ आणि ‘काल’ मिळून ‘विपत्काल’ होतो, कारण ‘क’ कठोर आहे आणि शेजारच्या मृदू ‘द्’ला तो आपल्यासारखा करतो. इंग्रजीतही तेच. क, प, स, श, च, फ यांसारख्या कठोर आवाजानंतर शेवटचा ‘ड’ कठोर होऊन ‘ट’ होतो: ‘वॉक्ट’, ‘जम्प्ट’, ‘पास्ट’. मृदू आवाजानंतर किंवा स्वरानंतर ‘ड’ राहतो: ‘कॉल्ड’, ‘प्लेड’. आणि क्रियापदच ट-डमध्ये संपत असेल तर जीभ अडखळू नये म्हणून मध्ये ‘इ’ येतो: ‘वॉन्टिड’, ‘नीडिड’. तीन ओळींत संपणारा नियम. मराठीचा तास आणि इंग्रजीचा तास एकाच वर्गात, एकाच फळ्यासमोर होतात. मध्ये दार नसतं. तरीही एका तासाचं ज्ञान दुसऱ्या तासाला आत येऊ देत नाहीत.

चूक आणि अक्कल

‘ही लीड द टीम’ असं भूतकाळात लिहिणारा मुलगा, म्हणजे उच्चार ‘लेड’ करून स्पेलिंग मात्र एल-ई-ए-डी करणारा, आपल्याला अडाणी वाटतो. त्यानं काय केलं ते बघा. त्याला ‘रीड – रेड – रेड’ शिकवलं आहे. वाचतो आणि वाचलं, स्पेलिंग एकच, उच्चार वेगळा. त्यानं विचार केला, ‘रीड’चं असं तर ‘लीड’चंही तसंच. शिवाय शिसं या अर्थाचा ‘लेड’ एल-ई-ए-डीच आहे. दोन साक्षीदार त्याच्या बाजूनं. ही चूक पाठांतर कमी पडल्याची नाही, तर्क केल्याची आहे. हीच चूक इंग्रजी मातृभाषा असलेले लोकही सर्रास करतात, आणि त्यांच्याकडे शब्दकोश वापरणाऱ्यांची कमी नाही.

घरात इंग्रजी बोलणारी लहान मुलंही ‘वेन्ट’ऐवजी ‘गोड’ म्हणतात, म्हणजे ‘गो’ला ‘एड’ लावतात. आपल्याकडचं दोन-तीन वर्षांचं पोर ‘मी करलं’ म्हणतं, तेव्हा आपण त्याचा पापा घेतो. त्याला नियम सापडलेला असतो, अपवाद सापडायचा असतो. तेच पोर चौदा वर्षांचं होऊन इंग्रजीत तेच करतं तेव्हा लाल शाई येते. वय बदललं, पण भाषा त्याच्यासाठी अजून दोन-तीन वर्षांचीच आहे हे आपण विसरतो.

फोनही इथे मदतीला येत नाही. ‘थ्रोड’ लिहिलं तर खाली लाल रेघ येते. पण ‘लेड’च्या जागी शिशाचा ‘लेड’ लिहिला, उत्तीर्णच्या जागी भूतकाळाचा ‘पास्ट’ लिहिला, तर साधा तपासनीस गप्प बसतो, कारण दोन्ही शब्द शब्दकोशात आहेत. सारखे वाजणारे शब्द हे असे चोर आहेत की ज्यांच्याकडे ओळखपत्र खरं असतं. म्हणून ‘आय पास्ट ट्वेल्थ’ असं भूतकाळाच्या स्पेलिंगनं लिहिलेला अर्ज कुठेही न अडकता थेट मुलाखत घेणाऱ्याच्या टेबलापर्यंत पोचतो. तिथे मात्र तो अडकतो.

स्पेलिंगचा सातबारा

इंग्रजी स्पेलिंग असं का, याचं उत्तर तक्ता देत नाही. ‘असंच आहे, पाठ करा’ एवढंच तो म्हणतो. मला वाटतं इंग्रजी स्पेलिंग हा जुना सातबारा आहे. त्यावर अजून मेलेल्या पणजोबाचं नाव असतं, वाटण्या झालेल्या असतात पण नोंद झालेली नसते, आणि शेतात उभा असलेला माणूस कागदावर सापडत नाही.

‘न्यू’ म्हणजे माहीत होतं, याच्या सुरुवातीला जो के आहे तो एके काळी उच्चारला जात होता. ‘कॉट’, ‘टॉट’, ‘थॉट’ यांच्या पोटात जे जी-एच आहे तिथे घशातून येणारा ‘ख’सारखा आवाज होता. १४७६मध्ये विल्यम कॅक्स्टननं इंग्लंडमध्ये छापखाना आणला आणि हळूहळू स्पेलिंगं छापील साच्यात बसत गेली. जिभा मात्र पुढे बदलत राहिल्या. आवाज गेले, अक्षरं राहिली. आणि ‘पास्ट’चं भांडण तर घरातलंच आहे: भूतकाळ या अर्थाचा शब्द मुळात ‘पास’ या क्रियापदाचंच जुनं रूप. जे ओलांडून गेलं ते ‘पास्ट’. दोघं भाऊ वेगळे राहायला लागले आणि दारावर वेगळी पाटी लावली, एवढंच.

हे सांगितल्यानं स्पेलिंग आपोआप येत नाही. पण मुलाला एवढं कळतं की हा गोंधळ आपल्या डोक्यात नाही, तो त्या कागदात आहे. माझ्या मते हे कळणं दहा गुणांपेक्षा मोठं आहे.

पडलं आणि पाडलं

तक्त्यावर माझा सगळ्यात मोठा आक्षेप वेगळाच आहे. तो अक्षरक्रमानं लावलेला असतो. त्यामुळे जे शब्द शेजारी असायला हवेत ते दूर फेकले जातात आणि त्यांचं नातं कुणाला दिसत नाही.

एक जोडी घ्या. ‘फॉल – फेल – फॉलन’ म्हणजे पडणे. आणि ‘फेल – फेल्ड – फेल्ड’ म्हणजे झाड तोडून पाडणे. पहिल्याचा भूतकाळ हाच दुसऱ्याचा वर्तमानकाळ. आता ‘लाय – ले – लेन’ म्हणजे पडून राहणे, आणि ‘ले – लेइड – लेइड’ म्हणजे ठेवणे. इथेही पहिल्याचा भूतकाळ दुसऱ्याचं मूळ रूप. ‘सिट – सॅट’ म्हणजे बसणे, ‘सेट – सेट’ म्हणजे बसवणे. ‘राइज – रोज’ म्हणजे उठणे, ‘रेइज – रेइज्ड’ म्हणजे उठवणे. इंग्रजी शिकणाऱ्यांचा जगभर ज्यांत गोंधळ होतो त्या याच जोड्या.

मराठी मुलाला यांचा गोंधळ व्हायचं काही कारण नाही. कारण त्याच्या तोंडात ही रीत आधीच बसलेली आहे. झाड पडलं, झाड पाडलं. कोंबडा मेला, कोंबडा मारला. गुरं चरली, गुरं चारली. पाणी गळलं, पाणी गाळलं. एकात आपोआप झालं, दुसऱ्यात कुणीतरी केलं. आतला स्वर बदलला की करणारा माणूस वाक्यात येतो. इंग्रजीच्या या जोड्यांत हेच चाललं आहे, आणि ते योगायोगानं नाही. संस्कृतात ‘पतति’चं ‘पातयति’ होतं, ‘सीदति’चं ‘सादयति’ होतं. इंग्रजी ‘सेट’ आणि संस्कृत ‘सादयति’ हे एकाच जुन्या घराण्यातले, एकाच रीतीनं घडलेले शब्द आहेत. म्हणजे मोखाड्याच्या पोराला ‘फेल’ आणि ‘फेल्ड’ समजावताना परक्या भाषेचा डोंगर चढायला लावायची गरज नव्हती. त्याच्या अंगणातूनच वाट होती.

तसंच ‘गो – वेन्ट’चं. ‘गो’चा भूतकाळ ‘वेन्ट’ कसा, हा प्रश्न विचारणाऱ्याला गप्प केलं जातं. ‘वेन्ट’ मुळात ‘वेन्ड’ या दुसऱ्याच क्रियापदाचा भूतकाळ, जो ‘गो’नं आपल्या घरात आणून ठेवला. आणि आपलं काय? ‘जा’चा भूतकाळ ‘जाला’ होत नाही, ‘गेला’ होतो. ‘जा’ आला ‘याति’कडून, ‘गेला’ आला ‘गत’कडून. दोन घरांतली माणसं, एक संसार.

सारख्या वाजणाऱ्या भूतकाळांचा प्रश्नही मराठीला नवा नाही. ‘वाटलं’ हा शब्द बघा. मला बरं वाटलं. पाट्यावर वाटण वाटलं. देवळात प्रसादाचं खोबरं वाटलं. तीन क्रियापदं, एक भूतकाळ. आपण कधी अडखळतो का? नाही, कारण आपण शब्द सुटा ऐकतच नाही, वाक्यात ऐकतो. ‘आलं’ म्हणजे आगमन की चहातलं आलं, हे ‘चहात आलं घातलं’ म्हटल्यावर विचारावं लागत नाही. आणि ‘पाहिला’ व ‘पहिला’ यांची गल्लत शहरातले शिकलेले मराठी लोक रोज इन्स्टाग्रामवर करतात. ‘मी पहिला हा सिनेमा’ असं लिहिणाऱ्याला कुणी नापास करत नाही. त्याच्या शब्दांना वाक्याचा आधार असतो आणि त्याला समाजाची माफी असते.

तक्त्यात नेमकं वाक्यच नाही. शब्दांच्या तीन फांद्या तोडून आणल्या आहेत, झाड मागे राहिलं. आपल्या पणजोबांच्या पिढीनं इंग्रजी शिकली ती तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांवर. त्या आज जुनाट वाटतील, पण त्यांत वाक्यं होती. मराठीतून इंग्रजीत, इंग्रजीतून मराठीत. म्हणजे शिकणाऱ्याची भाषा हा कामाचा निम्मा भाग होता. तक्त्यात मराठी उरली ती शेवटच्या रकान्यातल्या एका शब्दापुरती: ‘पडणे’.

दोन पायऱ्या आधीच चढलेली मुलं

आणि मराठी तरी कुणाची? या दोन तालुक्यांत घरात वारली, कोकणा, कातकरी, ठाकरी बोलली जाते. पुस्तकातली मराठी हीच इथल्या पुष्कळ मुलांची पहिली शाळेतली भाषा आणि दुसरी आयुष्यातली. महाराष्ट्रात २०००पासून पहिलीपासून इंग्रजी आलं. त्यामुळे सहा वर्षांचं मूल एकाच वर्षी दोन नव्या भाषांच्या तोंडी दिलं जातं. ‘पडणे’ हा अर्थाचा रकानाही त्याच्यासाठी कधी कधी भाषांतरच असतो.

त्याच्या घरच्या बोलीत झालेल्या गोष्टी कशा सांगतात, हे त्याला वर्गात कुणी विचारत नाही. गंमत म्हणजे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी ते कागदावर आलं होतं. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषांच्या पाहणीचा मराठीवरचा सातवा खंड १९०५मध्ये निघाला. त्यात वारली आणि कातकरीची नोंद आहे. त्या पाहणीत नमुना म्हणून भाषेभाषेतून एकच गोष्ट उतरवून घेत: घर सोडून गेलेल्या, सगळं उधळून परत आलेल्या मुलाची बायबलमधली गोष्ट. ती निवडण्याची कारणं काहीही असोत, तिच्यात भूतकाळ ठासून भरलेला आहे. गेला, राहिला, खाल्लं, संपलं, परत आला. इंग्रज अधिकाऱ्याला आदिवासी बोलीतला भूतकाळ उतरवून घ्यावासा वाटला. इंग्रजी शिकवणाऱ्या आपल्या तक्त्याला वाटला नाही.

इथली मुलंही घर सोडून जातात, पण उधळायला नाही. दिवाळी झाली की घरंच्या घरं वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर, द्राक्षाच्या बागांत कामाला निघतात. इकडे त्याला ‘जगायला जाणं’ म्हणतात. याहून नेमकं क्रियापद मला माहीत नाही. जगायला गेलेल्यांची पोरं कधी वसतिगृहात राहतात, कधी आईबापांबरोबर भिवंडी, वसई, नाशिककडे जातात आणि शाळेच्या वर्षाचा मधला तुकडा गायब होतो. परत येतात तेव्हा वर्ग ‘सिम्पल पास्ट’ संपवून पुढे गेलेला असतो.

इथे मला तक्त्याच्या बाजूनंही बोललं पाहिजे. तो स्वस्त आहे, घडी घालून खिशात मावतो, भट्टीवर नेता येतो आणि त्याला नेटवर्क लागत नाही. ज्याच्याकडे शिक्षक नाही, त्याच्याकडे तक्ता आहे. ‘कट – कट – कट, पुट – पुट – पुट’ असं गाण्यासारखं म्हणत पोरं शंभरेक क्रियापदं तोंडात ठेवतात, हे काही थोडं नाही. पाठांतराची टिंगल करणारे बहुतेक लोक असे असतात की ज्यांच्या घरी कुणीतरी इंग्रजी बोलत होतं. म्हणून तक्ता फाडून टाका असं मी म्हणत नाही. एवढ्या मुलांचा एकमेव शिक्षक असलेला कागद इतका निष्काळजीपणे छापला जाऊ नये, असं म्हणतो.

तो कसा असावा? आखूड आणि लांब ‘ए’ वेगळा छापलेला. ‘पास्ड’च्या जागी ‘पास्ट’, आणि शेजारी कठोर-मृदूचा तीन ओळींचा नियम. अक्षरक्रम सोडून जोड्या शेजारी: पडणे-पाडणे, बसणे-बसवणे. प्रत्येक जुळ्या शब्दाला इथलं एक वाक्य: कोंबडीनं अंडं घातलं, तिनं संघ पुढे नेला, शिसं जड असतं. नेतृत्ववाल्या ‘लेड’साठी एक खूण: त्याचं स्पेलिंग आपल्या एलईडी बल्बचंच, एल-ई-डी. आणि शेवटी एक रकाना कोरा, वर काहीही न छापता. घरी हे कसं म्हणतात ते मुलानं लिहायचं. एवढ्यानं काम होईल.

हे सगळं कशासाठी, असं कुणी विचारेल. स्पेलिंगच्या चुकांनी कुणी मरत नाही. पण भूतकाळ हा नुसता व्याकरणाचा धडा नाही. तक्रारीचा काळ तोच, जबाबाचा तोच, पुराव्याचाही तोच. २००६च्या वनहक्क कायद्यात आदिवासीला दाखवावं लागतं की १३ डिसेंबर २००५च्या आधीपासून ही जमीन त्याच्या ताब्यात होती, तो ती कसत होता. सगळा दावा एका ‘होता’वर उभा असतो. दाव्याचे कागद मराठीत होतात हे खरं, पण भांडण मुंबईच्या उच्च न्यायालयात गेलं की कामकाजाची भाषा इंग्रजी असते, आणि मग आपलं म्हणणं दुसरा कुणीतरी सांगतो.

१९२७च्या भारतीय वन कायद्याचं कलम २६ राखीव जंगलात काय करायचं नाही ते सांगतं. त्या यादीत झाडाच्या फांद्या छाटणं आहे, म्हणजे आमच्याकडे राबासाठी करतात ते. आणि झाड पाडणंही आहे. तिथे क्रियापद आहे ‘फेल’. आखूड ‘ए’वालं. तक्त्यात हा शब्द बहुधा नसतोच. असतो तो ‘फॉल’चा भूतकाळ. वाऱ्यानं पडलेलं झाड आणि कुऱ्हाडीनं पाडलेलं झाड, ‘फेल’ आणि ‘फेल्ड’, यांत फक्त एका ‘ड’चं अंतर आहे. एका बाजूला सरपण आहे, दुसऱ्या बाजूला गुन्हा. ज्या तालुक्यांत अजून जंगल उभं आहे, तिथल्या मुलीला हा ‘ड’ ऐकू आला पाहिजे, लिहिता आला पाहिजे आणि कुणी चुकीच्या जागी लावला तर बोट ठेवून सांगता आला पाहिजे: इथे नको, झाड पडलं होतं, आम्ही पाडलं नव्हतं.